कावळा, तवा, शाई

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीचा तो वकिलांचा कोट — कोपरावर शेंगदाण्याएवढा रफू, आणि तो दिसत होता. आत सावलीत नव्हता दिसत. रफूगाराने कोट दाराशी उन्हात धरला तेव्हा कोपर एकदम तांबूस झालं, जखमेवरच्या खपलीसारखं. कोट परत देऊन जाताना वकील हसत म्हणाले होते, "मास्तर, तुमचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण ही रेघ न्यायाधीशांनाही दिसली हो." तो हसला नाही. वीण त्याची होती, एक धागा इकडचा तिकडे झाला नव्हता... धागाच चुकला होता. आणि धागा तो कधी निवडत नसे. धागा बायको निवडायची.

सावलीत त्याला सगळं काळं सारखंच. लग्न होऊन ती आली तेव्हा तिने दुकानातली काळी रिळं खिडकीशी नेऊन वेगळी केली होती — निळसर तो कावळा, तांबूस तो तवा, हिरवट ती शाई — आणि सासऱ्यांच्या देखत खणाचे तीन कप्पे करून घेतले होते. तेव्हापासून कापड तिच्या हातात जायचं, रीळ त्याच्या हातात यायचं, मध्ये बोलणं नसायचं. वकिलांचा कोट तर सरळसरळ कावळा. याआधी दोनदा तिनेच धागा दिलेला. मग तवा कसा आला?

सुट्टीला आलेली नात कटाईच्या टेबलावर अभ्यास करत बसली होती. खणाला कोणी हात लावला होता का, असं त्याने सहज विचारावं तसं विचारलं. खण तिनेच आवरला होता. काळी रिळं उगाच तीन ठिकाणी पडली होती, ती एका डब्यात टाकली. "काळा तो काळाच ना, आजोबा? खरं तर तो रंगच नाही. उजेड परत येत नाही, एवढंच." मग थोडं थांबून आपणच हसली, चित्रकलेच्या बाई मात्र यावरून भांडायला उठतात, म्हणे, त्यांच्या पेटीत काळ्याची ट्यूब आहे, ती काय रिकामी आहे का.

एका डब्यात... म्हणजे रिळं हलली. पण रिळं हलली म्हणून नजर कशी चुकेल? कावळा कप्प्यात असला काय नि डब्यात असला काय, बघणाऱ्याला — ती बघत नव्हती. ती चाचपत होती. डावा कप्पा, मधला, उजवा. नवं कापड आलं की अलीकडे म्हणायची, जरा उन्हात धरून सांगा, निळं मारतंय की तांबडं? मला वाटायचं, म्हातारपणी मला शिकवायला निघाली आहे. धाकटीच्या लग्नात ती पाहुण्यांना आवाजावरून हाका मारत होती आणि आम्ही म्हणत होतो, हिचं लक्ष बघा. चहा ओतताना कपात बोट बुडवायची, त्यावरून मी तिला चिडवलं होतं... मी. केसाएवढी फट हुडकून काढणारा मी, रोज तिच्या समोर बसणारा.

ती मागच्या खोलीत बटणं लावत बसली होती. त्याने कोट तिच्या मांडीवर ठेवला. तिने कॉलर चाचपली, मग बाही, मग कोपर. तिथे बोट थांबलं.

"चुकला का हो?"

त्याला खूप विचारायचं होतं. कधीपासून, आणि मला का नाही सांगितलंस. तोंडातून आलं ते भलतंच.

"सगळं काळं दिसतं का गं?"

"काळं दिसलं असतं तर दिसतं म्हणाले असते," ती म्हणाली. "काळा ओळखते की मी. हे तसलं नाही. तुम्हाला पाठीमागचं काय दिसतं? तसं." मग आवाज खाली आणून, "पोरीला बोलू नका. तिने आपलं चांगल्या मनानं आवरलं."

नात दारात उभी होती. हातातलं पेन तसंच, टोपण काढलेलं.

त्याने डोळे मिटून घेतले. घट्ट, तळव्यांनी दाबून. खिडकीतलं ऊन बोटांच्या फटींतून पापण्यांवर आलं आणि आत तांबूस काळं पसरलं... तवा. तो त्याला आयुष्यात पहिल्यांदा सावलीत ओळखता आला. म्हणजे हाही रंगच. अजून आत जायला हवं होतं, ती होती तिथपर्यंत. पण कितीही दाबलं तरी पुढे रंगच येत होता. "कोट द्या इकडे, उसवते," असं ती म्हणाली, आणि डोळे उघडायचा त्याला धीर होईना.

बायको दुसऱ्या वर्षी गेली, धाकटीला मुलगा झाला त्याच महिन्यात.