झेंडूत अडकलेली साखळी

ओल्या झेंडूत अडकलेली साखळी वाजत नाही. तबकडी तिच्यावर आदळते, एक दमट, बोथट धप्प होते, आणि आश्विनातलं कोवळं ऊन अंगावर घेऊन पडलेला तलाव काही घडलंच नाही असा स्तब्ध राहतो. ती फेक माझी होती, उतावीळ. राठोड सरांनी बादली खाली ठेवली आणि टोपलीतलं निर्माल्य ओंजळीने काढू लागले. पाकळी न पाकळी. निजलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणं सोडवावं, तसं.

सर आमच्या शाळेत कवायत शिकवायचे. तांड्यावरून सायकलीने येत. कुठल्याशा शिबिरात त्यांनी हा खेळ पाहिला होता: तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत खांबावर लोंबणाऱ्या साखळ्यांवर मारून खालच्या टोपलीत पाडायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी तलावाकाठच्या सार्वजनिक बागेत असे नऊ खांब रोवले. टोपल्या करीमभाई वेल्डरने वळवल्या. साखळ्या आखाडा बाळापूरच्या बाजारातल्या, बैलांच्या. "आज्यानं बैल हाकले, मी तबकडी हाकून राहिलो," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटे, ते पाण्यावरून सरकत जाणाऱ्या ढगाच्या सावलीसारखं, आलं कधी नि गेलं कधी ते कळत नसे. पंधराएक वर्षं झाली त्याला. खांब गंजले, दुसऱ्या खांबाला बाभळीने कवेत घेतलं, पाचवा कलला. साखळ्यांचा नाद मात्र औंढ्याच्या देवळातल्या घंटेसारखा खणखणीत राहिला.

पुढे टोपल्यांत निर्माल्य पडू लागलं. कुणी देवाची फुलं, कुणी तुटका हार, कुणी नारळाच्या शेंड्या. आणि सरांचा नेम असा की देवाच्या फुलांवर तबकडी मारायची नाही. मग आधी नऊ टोपल्या रित्या करायच्या, फुलं झाडांच्या बुंध्याशी पसरायची, रोज फुलं टाकायला येणाऱ्या एका बाईला वाकून नमस्कार करायचा, तिच्या सुनेची चौकशी करायची, आणि मग खेळायचं. तोवर ऊन डोक्यावर, माझी कचेरीची वेळ झालेली. सलग तीन वर्षं मी कचेरीआधी त्यांच्यासोबत खेळायला गेलो, आणि दररोज वैतागलो. त्यांच्या संथपणावर, त्या बाईवर, कधीच आठी न पडणाऱ्या त्यांच्या कपाळावर. एखाद्याने इतकं सोसू नये. बघणाऱ्याला ते फार महागात पडतं.

वैतागाच्या तळाशी काय होतं ते आता लिहितो. मी पालिकेत कारकून. एका गणपतीत तलाव फुलांनी सडला, वरून विचारणा झाली, आणि घंटागाडीच्या भोंग्यावरून गावभर फिरलेलं ते वाक्य मी लिहिलं: निर्माल्य तलावात न टाकता बागेतल्या लोखंडी टोपल्यांत टाकावे. दहा दिवसांची सोय, एवढंच मनात होतं. सर तेव्हा लेकीकडे गेले होते. परतले तेव्हा गावाला सवय लागली होती, आणि मला गप्प राहण्याची.

एका कार्तिकातल्या सकाळी, सातव्या खांबापाशी, सर बादली टेकवून बसले. म्हणाले, चूक त्यांची स्वतःचीच. टोपल्यांना फुलांच्या परडीचा आकार दिला, मग लोकांनी फुलं नाही टाकायची तर काय? करीमभाईला सांगितलंय, सोमवारी येऊन सगळ्या टोपल्या कापून नेईल. लोकायला उगा तकलीफ नको.

हे ते अशा सुरात म्हणाले की मला त्यांचाच राग आला. दुसऱ्याचा गुन्हा इतक्या सहज अंगावर घेणाऱ्या माणसाचा राग येतोच. मी बोललो. भोंगा, वाक्य, तीन वर्षं, सगळं. पाण्याकडे पाहत, अडखळत.

सरांनी तळव्याला चिकटलेली पाकळी सोडवली. मग म्हणाले, "सुधाकर, मंग तीन वर्सं बादली मीच काहून उचलून राहिलो?"

त्यांनी बादली माझ्यापुढे सरकवली.

"धर," ते म्हणाले. "आन् करीमला सांग, येऊ नको."

त्यानंतर पाच महिने बादली मी उचलली आणि ते मागून हात पाठीशी बांधून, आठव्या टोपलीत एक गुलाब राहिला, असं निवांत सांगत आले. माफ केलं का, ते कधी बोलले नाहीत. चैत्रात गेले, दुपारी, झोपेत.

भोंग्यावरून मी नवं वाक्य फिरवलं. कुणी ऐकलं नाही. त्या बाईला हात जोडून सांगितलं, तर म्हणाली, "धा वर्सं झाले इथंच टाकून राहिलो आमी. आता काहून न्हाई?" तीन वर्षांची दहा कधी झाली, देव जाणे. मी वैतागलो, आणि तिच्या सुनेची चौकशी केली.

सरांनी पसरलेल्या फुलांतून बी पडलं असावं. यंदा खांबाखांबाच्या वाटेवर झेंडू उगवलाय. मी नऊ टोपल्या रित्या करतो, ऊन वर येतं, खेळायला जेमतेम दोन खांब उरतात. तबकडी सुटते, साखळी खणखणते, आणि तो नाद पाण्यावर विरेपर्यंत मी हात पाठीशी बांधून उभा राहतो. ज्याच्या संथपणाला मी इतका कंटाळलो होतो तो माणूस गेला; त्याचा उशीर तेवढा माझ्यापाशी राहिला आहे, आणि आता त्यातला एक क्षणही लवकर सरू नये असं वाटतं.