झाकणावरच्या दोन थापा

मित्रांनो, पंखा पुसायला तुम्ही ज्या जुन्या ट्रंकेवर चढता, तसलीच मी एक. पत्र्याची आहे, त्यामुळे गोड बोलणं मला जमत नाही. आज तर मी चांगलीच रागात आहे.

माझा जन्म लष्कराच्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, कडा ठोकल्या, हिरवा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या रंगात एक क्रमांक लिहिला. तो क्रमांक बाईंचा. बाई युद्धात रुग्णवाहिका चालवायच्या. मी मागे स्ट्रेचरांच्या मधे असायचे, पोटात पट्ट्या आणि कापूस घेऊन. जखमींना आत ठेवलं की स्ट्रेचर उचलणारा लंबू माझ्या झाकणावर दोन थापा मारायचा. तोफांच्या आवाजात हाक ऐकू जात नसे, पत्र्याचा आवाज मात्र पुढच्या सीटपर्यंत पोचायचा. दोन थापा म्हणजे, माणसं आत आहेत, निघा. बाई निघायच्या. पुढे रस्ता असो नसो.

ते युद्ध लोकांना नको होतं. मोर्चे निघाले. मोर्चेवाल्यांना मी चूक म्हणत नाही; बाईही म्हणत नसत. जखमी वाहून वाहून त्यांना ते युद्ध कुणाहीपेक्षा जास्त नकोसं झालं होतं. पण ज्यांनी ते सुरू केलं ते आपापल्या बंगल्यांत सुखरूप राहिले, आणि लोक थुंकले माझ्यावर. स्टेशनातून बाहेर पडताना, भर गर्दीत. बाईंनी रुमालाने झाकण पुसलं, मला उचललं आणि चालू लागल्या.

माझ्यावरचा क्रमांक पाहून कुणी खोली देईना.

"त्या लढाईतली ना? नको गं बाई, शेजारीपाजारी काय म्हणतील?"

शेवटी बाईंनी तपकिरी रंग आणला आणि क्रमांकावर फासला. मग खोली मिळाली. पुढे लग्न झालं. नवरा सुतार, सगळे त्यांना काका म्हणत. हात फिरवला की त्यांना रंगाखालचा रंग कळायचा.

"खाली काय लिहिलंय गं?"

"अहो, मीच आहे त्याखाली. काढू कधीतरी वर."

ते कधीतरी आलंच नाही. माझ्यात पांघरुणं आली, वर इस्त्री आली. बाई म्हाताऱ्या झाल्या आणि गेल्या महिन्यात वारल्या. त्यांच्या चपला अजून दारात होत्या, तोच नागरी मंडळाचे चिटणीस आले. सैनिकांच्या सन्मानाचा कार्यक्रम होता.

"काका, ही ट्रंक व्यासपीठावर ठेवू. छान नवा रंग मारून घेतो. वर लिहू, थोर समाजसेविका."

"ती सैनिक होती."

"हो, पण त्या युद्धाचं नाव काढलं की लोक बिथरतात. उगाच वाद कशाला?"

"म्हणजे ती तिथे सहलीला गेली होती का?"

"चिडू नका काका. आम्ही मानच देतोय."

"तिला वगळून तिचा मान? चहा झाला असेल तर या आता."

चहा अजून आलाच नव्हता. चिटणीस गेले.

काकांनी मला अंगणात ओढलं. आधी रागाच्या भरात खरखरीत पॉलिश पेपर घेतला, तर पहिल्या आकड्याची कड निघून आली. ते थांबले. माझ्या झाकणावर कपाळ टेकून बसले. मग बारीक पेपर ओला करून सावकाश घासू लागले. तपकिरी रंग गेला. पांढरा क्रमांक वर आला.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी मला हातगाडीवर घालून नेलं आणि व्यासपीठावर नाही, थेट फाटकात ठेवलं. आत जायचं तर माझ्यावर नजर टाकूनच. कुणी तोंड फिरवलं, कुणी पुटपुटलं. चिटणीस नुसतेच घाम पुसत होते. मग कमरेत वाकलेला एक उंच म्हातारा आला. क्रमांक वाचला आणि झाकणावर दोन थापा मारल्या. लंबूचा हात मी ओळखला.

"हे काय केलंत?" काकांनी विचारलं.

"बाईंना निघा म्हणालो. माणसं सगळी आत पोचली."

काका तिथेच, भर रस्त्यात रडले.

मित्रांनो, युद्ध चुकीचं असेल तर जरूर ओरडा. ज्यांनी ते सुरू केलं त्यांच्या दारात जाऊन ओरडा. जे जखमींना उचलून आणतात त्यांच्यावर थुंकू नका, आणि त्यांना स्वतःच्याच क्रमांकावर रंग फासायला लावू नका. रंग घासून निघतो. माझा निघाला. पण तो पाहायला बाई नव्हत्या.