आठ तारखेची आढी

आंबा पिकवायला अक्कल लागते, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी मला वाटायचं, आंबा काय, आपोआप पिकतो. बत्तीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला असंच वाटणार. मी सुकाणी होतो, मोठ्या मालबोटींवर. साहेब सांगेल तिकडे बोट वळवायची. बोटी जगभर फिरवल्या, पण घरात आढी कधी लावली नाही. ती सगुणा लावायची. सगुणा म्हणजे माझी बायको.

आढी म्हणजे काय ते सांगतो. काळोख्या खोलीत भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वर परत पेंढा, आणि दार लावून घ्यायचं. आमच्याकडे जयगडच्या खाडीकाठी आधी माणसांची तारीख विचारतात. मुंबईहून कधी निघताय? अमुक तारखेला. मग दिवस मागे मोजून आंबा उतरवतात. माणूस अंगणात पाय ठेवतो त्याच दिवशी आंबा खाण्याजोगा झाला पाहिजे. ज्या बाईला हे जमतं तिचं वाडीत नाव होतं. सगुणाचं होतं.

ती सध्या विरारला असते. मुलगा संदेश तिकडे राहतो, सून योगिनी नोकरी करते. नात झाली, वेदिका, आणि योगिनीची रजा संपली तेव्हा सगुणा म्हणाली, "चार महिने जाऊन येते. पोर वायच मोठी झाली की परत येते." त्या चार महिन्यांना आता साडेतीन वर्षं झाली. गणपतीला येतात सगळी, पाच दिवस. पण गणपतीत स्वतःच्या बायकोशी बोलायला मिळालंय का कुणाला? आरती, नैवेद्य, पाहुणे, भजन, आणि सहाव्या दिवशी गाडी सुरू. मे महिन्यात तर कुणी फिरकलंच नाही. पोरीला ऊन सोसत नाही म्हणे. इथली पोरं काय बर्फात वाढतात?

या वर्षी मात्र संदेशने फोन केला. "बाबा, आठ मेला येतो. चार दिवस राहू. आई पण आहे." फोन ठेवला आणि मी ठरवून टाकलं. या खेपेस सगुणाला सांगायचं, राहा. आता जाऊ नकोस. बस, एवढं एकच वाक्य. विहिरीवर पंप सुरू करून मी ते मोठ्याने म्हणूनही बघायचो. पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही म्हणून बरं.

उन्हाळा म्हटला की शहरातल्या लोकांना आंबे, फणस आठवतात. मला कुलपं आठवतात. आमच्या वाडीत बावीस घरं, त्यांतली पंधरा वर्षभर बंद. एप्रिल संपत आला की एकेक कुलूप निघायला लागतं. कुणी गाद्या उन्हात टाकतं, कुणी कौलं शाकारतं. पोरं खाडीत डुंबतात, बाप्ये क्रिकेटच्या मॅची लावतात, दर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचा स्पीकर. आणि या सगळ्यात माझं घर, उघडंच होतं बाराही महिने, पण बंद घरापेक्षा जास्त गप्प. संध्याकाळी मी रेडिओ लावायचो तो बातम्यांसाठी नाही. घरात कुणीतरी बोलायला हवं म्हणून. एकटेपणाची मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

तर आढी. शेजारच्या भागोजीला विचारलं. तो हसून हसून लोळायचा राहिला. "हरीभाव, तुमी आढी लावणार? वयनी आल्यावर त्यांस काय सांगू, आंबे पिकले की हरीभाव?" पण आला बिचारा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवायला मदत केली, देठ कसा ठेवायचा, पडीचा आंबा आढीत का घालायचा नाही, सगळं दाखवलं. सव्वीस एप्रिलला मधल्या खोलीत आढी लागली. दीडशे आंबे. आठ तारखेसाठी.

मी शहाणा, रोज दार उघडून बघायचो. पेंढ्यात हात घालायचो, वास घ्यायचो. भागोजी ओरडला, "अवो, सारकं सारकं बघू नका, आंबा हाय तो, पोटुशी बाई नाय!" पण राहवायचं नाही. सहा तारखेला वास सुटला. असा वास, की सगुणा घरात असल्यासारखं वाटलं. मी खोलीच्या उंबऱ्यावर तसाच बसून राहिलो थोडा वेळ.

सात तारखेला फोन. "बाबा, रजेचं पुढे गेलं. बाराला येतो."

"अरे, आढी आठची आहे!" मी म्हटलं.

"म्हणजे काय?" संदेश म्हणाला. याच मातीतला पोर माझा. काय सांगणार त्याला?

आता आंबा थोडाच थांबतो रजेसाठी. मी पेंढा बाजूला केला, खिडक्या उघडल्या, आंबे जमिनीवर सुटे सुटे मांडले आणि माझ्या खाटेजवळचा पंखा उचलून आंब्यांना लावला. मी घामाने निथळत ओटीवर आणि आंबे वाऱ्यात. भागोजीने बघितलं आणि कपाळावर हात मारला. हसला मात्र नाही. रोज पंधरा-वीस काढून टाकावे लागत होते. शेजारी वाटले, गाईला घातले, एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार? बारा तारखेला साठेक उरले, सालीवर सुरकुत्या पडलेले.

दुपारी संदेशचा फोन आला, निवळी फाट्याला वळलो म्हणून. मी अंगणात तीनदा पाणी मारलं. गाडी आली. सगुणा उतरली. मागून वेदिका उतरली आणि आजीच्या पदरामागे लपली. सगुणा उतरली. थोडी भरली होती अंगाने, केस कापून खांद्यापर्यंत आणलेले, पायात बूट. छान दिसत होती. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "रस्ता कसा होता?"

तिने मधली खोली उघडली आणि आंबे बघितले. एक उचलून नाकाशी धरला. "तुम्ही लावलीत?"

"मग कोण लावणार?"

"चार दिवस जास्त झाले," ती म्हणाली. पण तिथेच उभ्या उभ्या तिने तो आंबा चोखून खाल्ला, कोपरापर्यंत ओघळ आला तरी. मला इतका आनंद झाला, की मी उगाच बाहेर जाऊन गाडीची काच पुसली.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि हाक मारली, "अहो, मीठ कुठे ठेवलंय?"

चाळीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात ती वावरली, तिथे तिने मला मीठ विचारलं. चूक माझीच. सोयीसाठी सगळं मी हाताशी, खालच्या फळीवर आणून ठेवलं होतं. चहा, साखर, तिखट, मीठ. ती प्रत्येक गोष्ट विचारून घेत होती, पाहुण्या बाईसारखी, अदबीने. "हे वापरू ना?" म्हणाली एकदा.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वाक्य तोंडात तयार, पण कुणी ना कुणी मध्ये असायचं. तिसऱ्या दिवशी संदेश बायको-पोरीला घेऊन गणपतीपुळ्याला गेला. सगुणा गेली नाही. ओटीवर रातांब्यांची पाटी घेऊन बसली. रातांबे फोडायचे, बिया एकीकडे, सालं आमसुलांसाठी एकीकडे. बोटं लालभडक. मी समोर बसलो. म्हटलं, हरिश्चंद्र, आता नाही तर कधीच नाही.

"राहा ना गो," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "किती दिवस?"

"दिवस कसले? राहाच. पोर आता शाळेत जाईल. त्यांचं चालेल. मला इथे एकट्याला घर खायला उठतं, सगुणा. खरंच सांगतो."

तिने दोन-तीन रातांबे फोडले. मग म्हणाली, "मला इथला मे महिना नको वाटतो."

"का? वाडी भरलेली असते माणसांनी!"

"म्हणूनच." तिने हात पाटीच्या काठावर टेकले. "तुम्ही कधी मे महिन्यात घरी होतात? तुमची सुट्टी पावसात. ऐन उन्हाळ्यात बोट. चार वाजता मुंबईची एसटी यायची. वाडीतल्या बाया पोरांना पावडरी लावून थांब्यावर जायच्या. कुणाचा नवरा उतरायचा, कुणाचा दीर. मी दार लावून घ्यायचे. दार लावलं म्हणून हसण्याचे आवाज थांबतात होय? दोन वर्षं तशी काढली. तिसऱ्या वर्षी मी पण थांब्यावर जायला लागले."

"कशाला? माहीत होतं ना मी येणार नाही ते?"

"घरात बसण्यापेक्षा बरं. कुणी विचारलं, सगुणा, तुझं कोण येणार गो? तर सांगायचे, चिमाकाकूची माणसं यायचीत, सामान असतं त्यांचं, हाताखाली आले. मग खरंच त्यांच्या पिशव्या उचलून आणायचे. एक वर्ष नाही हो. संदेश कॉलेजला जाईपर्यंत."

शेजारची चिमाकाकू कधीच वारली. मी सुट्टीवर आलो की ती मला सांगायची, तुझी सगुणा फार कामाची रे. मी फुशारून जायचो.

"मला कधी लिहिलं नाहीस," मी म्हणालो.

"लिहून काय? बोट वळवून आणली असतीत?"

तरी मी बोललो. "पण नंतर आलो ना मी. तू विरारला जायच्या आधी पाच वर्षं होतो की घरी."

"होतात. इथेच बसायचात, खाडीकडे तोंड करून. ही कोळशाची बोट, ही अमक्या देशाची, हिचा कप्तान कच्चा दिसतो. मी मागे आंबे पुसत असायचे. पाच वर्षांत एकदा तोंड इकडे केलंत का?" रागाने नाही म्हणाली. राग असता तर मला भांडता आलं असतं.

खाडीत तेव्हाही एक बोट उभी होती. मी तिच्याकडे पाठ करून बसलो, घाईने, मास्तरांनी दटावल्यावर एखादं पोर बसतं तसा. सगुणाला हसू आलं. तिचं ते हसू बघून मला धीर आला आणि कधी मनातही नव्हतं ते माझ्या तोंडून गेलं.

"मग मी येतो विरारला. भागोजी बघेल आंब्याची कलमं. कुठेही पडून राहीन, गॅलरीत राहीन."

पदराने तिने डोळे पुसले, मग म्हणाली, "नको."

"जागा नाही म्हणून?"

"जागेचं काय. तुम्ही याल, आठ दिवस राहाल. मग कलमं आठवतील, खाडी आठवेल, आणि एक दिवस पिशवी भराल. मी मग परत वाट बघत बसेन, आता कधी येतात म्हणून." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लेंग्यावर लाल बोटं उमटली. "तिथे मला कुणाची वाट बघावी लागत नाही हो. सगळी संध्याकाळी घरी येतात. एवढंच सुख आहे माझं. ते घेऊ नका."

नाही जाणार, मरेपर्यंत राहीन, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. माझं मला माहीत होतं, ती म्हणते तसंच होईल. बत्तीस वर्षं मी प्रत्येक वेळी, लवकर येतो, असंच म्हणून निघालो होतो. मी विळी ओढून घेतली आणि तिच्याबरोबर रातांबे फोडायला बसलो. आम्ही दोघांनी ती सगळी पाटी संपवली. त्या दिवसाइतका मी तिच्याजवळ कधी बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. उरलेले आंबे, फणसाचे गरे, तांदळाचं पीठ, सगळं डिकीत भरलं. वेदिकाने खिडकीतून मला टाटा केला. सगुणा म्हणाली, "आमसुलं रोज उलटा, विसरू नका." आणि, "जेवत जा वेळेवर." मी मान हलवली. गाडी चढावर वळेपर्यंत उभा होतो, नंतरही थोडा वेळ होतो.

जेवलो नाही. आडवा झालो, झोप नाही. रेडिओ लावला आणि बंद केला. चार वाजायला आले आणि मी सदरा चढवून थांब्यावर गेलो. का गेलो, विचारू नका. घरात बसवत नव्हतं.

भागोजी तिथे होता. त्याची मुलगी नम्रता पोरांना घेऊन यायची होती. एसटी आली, धूळ उडाली, पोरं उड्या मारत उतरली आणि भागोजीच्या कमरेला चिकटली. माणसं, पिशव्या, ओरडाआरडा. मी एका कडेला उभा. गर्दी जरा पांगल्यावर भागोजीचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"हरीभाव? वयनी तर सकाळीच गेल्या ना? आता तुमचं कोण येणार हाय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "कोणीच यायचं नाही. तुझ्या लेकीची ती मोठी पिशवी दे इकडे."