नॅनची फी

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत कामावर निघालेल्या कुठल्याही बाईला विचारा, पोर कोणाकडे ठेवतेस, तर दहातल्या आठजणी म्हणतील, तिची नॅन आहे ना. नॅन म्हणजे आजी. हे उत्तर तिथल्या बायकांच्या तोंडात इतकं बसलेलं आहे की त्यापुढे दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. लॉर्नानंही जॉबसेंटरातल्या, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीतल्या, बाईंना तेच सांगितलं. मासे कापण्याच्या कारखान्यात तिला आपली जुनी जागा परत मिळाली होती, सकाळी सहा ते दोन. कामावर परतणाऱ्या आईला मूल सांभाळण्याच्या खर्चातला मोठा वाटा सरकार देतं, म्हणून बाईंनी विचारलं, खर्च किती येतो? लॉर्ना म्हणाली, काहीच नाही, नॅन सांभाळते. बाईंनी तसं लिहून घेतलं आणि विषय संपला.

ही नॅन साधीसुधी नव्हती, हे सांगायचं लॉर्नाच्या डोक्यातच आलं नाही. तिची सासू ग्लेनिस हिच्याकडे घरी मुलं सांभाळण्याचा रीतसर परवाना होता, तोही बावीस वर्षांपासून. पाच वर्षांखालची मुलं तीनच घ्यायची असा नियम, आणि त्या तिघांच्या फीवर ग्लेनिसचं भाडं, वीज, खाणंपिणं सगळं चालायचं. अडीच वर्षांची नेली तिथं गेली ती कोणाची तरी जागा घेऊनच, एवढं कळायला फार शिक्षण लागत नाही. पण नॅनकडे जागा नाही असं कधी होतं का?

ग्लेनिसचा मुलगा क्रेग, म्हणजे लॉर्नाचा नवरा, दीड वर्षापूर्वी घर सोडून गेला होता. नवरा गेला, सासू राहिली. लॉर्ना सोळाव्या वर्षापासून त्या घरात जात-येत होती. नेली झाल्यापासून तीही ग्लेनिसला नॅनच म्हणायची आणि पहिल्यापासून एकेरीत बोलायची.

कामाला लागून तीन आठवडे झाले असतील. पावाच्या दुकानात रांगेत तिच्यापुढे टोबीची आई उभी होती. तिनं आधी लॉर्नाकडे पाहिलंच नाही. मग पिशवी उचलता उचलता म्हणाली, "आमच्या टोबीला काढलं तुझ्या सासूनं. अकरा महिने होता तिच्याकडे. नातीला जागा पाहिजे म्हणाली. चालायचंच, नात ती नात." लॉर्नानं पावाचे पैसे दिले आणि पाव तिथंच विसरून बाहेर आली.

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. मुलं गेली की ग्लेनिस घरातला हीटर बंद करून कोट घालून बसायची. चहा दिला तर दोघींत चहाची एकच पिशवी. शुक्रवारचे मासे-चिप्स तिनं कधी बंद केले, हे लॉर्नानं विचारलंसुद्धा नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग येतो, तसा तो आलाही.

ती परत जॉबसेंटरात गेली. मागच्याच बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अहो, हे पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का! परवाना आहे, मूल स्वतःच्या घरी ठेवून घेते, तर मग ती आजी असली तरी चालते. फक्त तिच्याशी केलेला रीतसर करार हवा आणि तिचं बिल हवं. शुक्रवारपर्यंत आणा, शुक्रवारी तुमचा हिशेबाचा महिना संपतो. भरायला जवळ काही नसेल तर पहिली फी आगाऊही मिळेल. लॉर्नाला वाटलं, सुटले. दोन कागद, एक सही.

ती सही ग्लेनिस देईना. मंगळवारी म्हणाली, नातीचे पैसे घेणारी बाई मी नव्हे. बुधवारी लॉर्नानं समजावलं की हे माझ्या खिशातून जात नाहीत, बहुतेक सरकारच देतं. त्यावर ग्लेनिस म्हणाली, सरकार देवो नाहीतर राजा. गुरुवारी तिनं विषयच काढू दिला नाही, नेलीला बूट घालून दारात आणून उभं केलं आणि दार लावून घेतलं. सासू हट्टी आहे हे लॉर्नाला माहीत होतं. पण या हट्टात काहीतरी वेगळं होतं. नुसत्या मानापोटी अडणारा माणूस नजर चुकवत नाही, आणि ग्लेनिस तीन दिवस नजर चुकवत होती.

शुक्रवारी लॉर्ना कारखान्यातून थेट तिच्याकडे आली, अंगाला माशांचा वास तसाच. नेली पलीकडच्या खोलीत झोपली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसल्या.

"मी सोमवारपासून येत नाही म्हणून कळवते कारखान्यात," लॉर्ना म्हणाली. "पाळणाघर आठला उघडतं, माझं काम सहाला. तुझ्या घरात तुला कोट घालून बसवून मला नोकरी नको."

"नोकरी सोडायची नाही."

"मग सही कर."

ग्लेनिस टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करू लागली. मग म्हणाली, "कुठल्या तोंडानं घेऊ पैसे? मी हरवलं होतं तिला."

या गोष्टीबद्दल त्या दोघी फेब्रुवारीपासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तेव्हा लॉर्ना नोकरीसाठी भेटायला गेली होती आणि नेली एका दुपारपुरती इथं होती. क्रेग अचानक दारात आला, म्हणाला, पोरीला जरा चिप्स खायला नेतो, अर्ध्या तासात आणतो. ग्लेनिसनं नेलीचा हात त्याच्या हातात दिला. तो पाच तासांनी आला. शेजारच्या क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावरच्या जुगाराच्या यंत्रांपुढे बसला होता, आणि पोर त्याच्या पायाशी जमिनीवर, अंगात कोट नाही. तोवर अर्धी गल्ली शोधायला बाहेर पडली होती. लॉर्नानं त्या दिवशी सासूला एका शब्दानंही बोल लावला नाही. पण माफ केलं होतं असंही नाही, खोटं कशाला सांगा. दुसरं कोणी नाही म्हणून ती नेलीला इथं ठेवत होती, आणि ग्लेनिसला ते कळत होतं.

"बावीस वर्षांत दुसऱ्याचं एक पोर कधी खरचटून घरी पाठवलं नाही," ग्लेनिस म्हणाली. "आणि आपली पोर दारातून देऊन बसले. त्याचे मी पैसे घेऊ?"

लॉर्नाच्या तोंडाशी आलं होतं, जाऊ दे नॅन, झालं ते झालं. पण ते खरं नव्हतं, म्हणून ती ते बोलली नाही. तिनं विचारलं, "टोबीचा बाप असा आला असता, तर दिला असतास टोबीला?"

"आधी आईला फोन केला असता. फोन लागेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा ठेवला असता."

"मग नेलीला टोबीसारखी ठेव," लॉर्ना म्हणाली. "नातीसारखी ठेवलीस म्हणून तर दिलीस. मला नातीसारखी नको. टोबीसारखी ठेव, आणि त्याचे पैसे घे."

ग्लेनिस रडली नाही. तिनं फक्त मान हलवली, एखादा पत्ता समजावून सांगितल्यावर हलवतात तशी. मग उठून कपाटातून कराराचा कोरा कागद आणला, चष्मा लावला आणि लॉर्नाच्या समोर बसली. नव्यानं आलेल्या प्रत्येक आईला ती ज्या आवाजात विचारायची त्याच आवाजात एकेक विचारू लागली. मुलीचं पूर्ण नाव? जन्मतारीख? काही खाल्लेलं सोसत नाही असं? किती वाजता आणणार, किती वाजता नेणार? लॉर्ना उत्तरं देत गेली. ग्लेनिसला सगळी माहीत होती, तरी तिनं एकही गाळलं नाही.

मग एक रकाना आला. मूल न्यायला आईखेरीज कोण येऊ शकतं?

इथं पेन थांबलं. लॉर्नाला वाटलं, आपणच सांगून टाकावं, म्हणजे तिच्या जिवावरचं ओझं उतरेल. पण हे तिनं सांगून चालणार नव्हतं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

ग्लेनिसनं लिहिलं, कोणी नाही. तेवढं पुरेसं होतं, कायद्यालाही आणि लॉर्नालाही. पण ती थांबली नाही. त्याच ओळीत पुढे तिनं सावकाश, शाळेत गिरवल्यासारखं लिहिलं: क्रेग ॲलन थॉर्सबी, वडील. आले तर आईला फोन. आई हो म्हणेपर्यंत दार उघडायचं नाही.

मग पान उलटून तिनं फी लिहिली, टोबीची होती तेवढीच, आणि खाली सही केली: ग्लेनिस थॉर्सबी. आडनाव पुसट उमटलं, मागच्या पानावर मुलाचं लिहिलं होतं तेच. तेवढा शब्द तिनं पुन्हा गिरवला आणि कागद लॉर्नाकडे सरकवला.