डावी नाकपुडी

तिने टिश्यूपेपरची बोटभर पट्टी फाडली, गुंड्याच्या नाकासमोर धरली आणि दुसऱ्या हाताने त्याची उजवी नाकपुडी दाबली.

"तोंड बंद. आता नाकाने फूं."

गुंड्याने तोंड उघडलं आणि तोंडानेच फूं केलं. पट्टी फडफडली. जग जिंकल्यासारखा तो हसला.

"तोंडाने नाही. नाकाने."

त्यावर त्याने सुर्रकन सगळं आत ओढलं. जे खाली यायचं ते वर गेलं आणि थोड्या वेळाने पुन्हा ओठावर हजर झालं. नुकताच दोनाचा झालेला हा गृहस्थ आठवडाभर हेच करत होता. ती चिडली नाही. हसलीही नाही. तिने ओठ पुसला आणि नवी पट्टी फाडली.

दारात बसून सासूबाई छोटे छोटे बनियन घडी करून आपल्या प्रवासाच्या पिशवीत भरत होत्या.

"अगं, नाक शिंकरायला का कुणी शिकवतं? याच्या बापाला मी कुठे शिकवलं होतं? अजून मान वळवून बाहीला पुसतो तो."

"हो ना," ती म्हणाली.

सासूबाई संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होत्या आणि गुंड्याला बरोबर नेणार होत्या. दोन-तीन महिने, असं ठरलं होतं. "तू जरा माणसात ये," त्या म्हणाल्या होत्या आणि त्यात टोमणा नव्हता. नवऱ्याला पटलं. तिला विचारलं तेव्हा ती "न्या" म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की सासूबाईंनीच दोनदा विचारलं. हे इतकं सोपं असायला नको, हे तिला कळत होतं. वाटत मात्र नव्हतं.

मूल हातात आलं की माया आपोआप येते, असं तिला सगळ्याजणींनी सांगितलं होतं. मूल आलं. तिने वाट पाहिली. रात्री उठली, दूध पाजलं, लसी चुकवल्या नाहीत, नखं वेळच्या वेळी कापली. कुणी नाव ठेवावं असं तिच्या हातून काही घडलं नाही. आत मात्र सामसूम होती. एकदा तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं, की मला याच्याबद्दल काहीच वाटत नाही. "दमली आहेस तू," तो म्हणाला आणि त्याने तिच्या अंगावर पांघरूण घातलं. माणूस वाईट नव्हता. त्याला दुसरं काही सुचलं नाही, इतकंच.

चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवायची. बसकी, सरळ, पोपटनाकं, सगळी. तिचा हात हलका आहे असं गिऱ्हाइकं म्हणत. त्याच हाताने तिने आता गुंड्याची डावी नाकपुडी दाबली आणि हनुवटी वर करून त्याचं तोंड मिटवलं. तो नुसता श्वास घेत होता, तरी पट्टी हलली. मग तिने उजवी दाबली. पट्टी जागची हलली नाही. गुंड्याने धडपडून तोंड सोडवून घेतलं आणि हवा गिळली.

तिने पुन्हा करून पाहिलं. डावी दाबली, हलली. उजवी दाबली, नाही.

ती वाकली आणि तिने त्याच्या नाकाचा वास घेतला. डावीकडून फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा वास येत होता.

"आई, याला डॉक्टरकडे न्यायला हवं. गाडीच्या आधी."

"सर्दीला कसला डॉक्टर! नाक म्हटलं की ते वाहणारच."

"एकाच बाजूने वाहतंय."

सासूबाई उठून आल्या, त्यांनीही वास घेतला आणि पिशवीची चेन लावली. दवाखाना स्टँडच्या वाटेवरच होता. त्यांनी पिशवी बरोबर घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्या टेबलावर एक रबरी जिराफ होता. गुंड्याने जिराफ घेतला, त्यांनी गुंड्याचं नाक घेतलं. बॅटरीच्या उजेडात त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"वर काहीतरी अडकलंय. पिवळट. स्पंजसारखं दिसतंय. घरात कुठे फाटलेली गादी वगैरे आहे का?"

"अगं बाई, सोफा!" सासूबाई म्हणाल्या. "कोपऱ्यातून रोज उकरत असतो मेला!"

लोकांच्या नाकी नऊ येतात. गुंड्याच्या नाकात सोफा आला होता. आठवडाभर सगळ्या घराने त्याला हट्टी ठरवलं होतं, आणि बिचाऱ्याने मनापासून फूं केलं असतं तरी हवा जायला वाट नव्हती.

"चिमट्याने काढायला गेले आणि हा हलला, तर ते आणखी आत जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग मोठ्या हॉस्पिटलात भूल देऊन काढावं लागेल. त्याआधी एक उपाय करून पाहू. मी सांगते तसंच करायचं. त्याच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावायचं, मोकळी नाकपुडी मी दाबून धरते, आणि हळूच हवा सोडायची. हवा अडल्यासारखी वाटली की एक छोटीशी जोरात फुंकर. घशातून वाट मिळत नाही, म्हणून ती बंद नाकपुडीतून बाहेर पडते आणि अडकलेलं घेऊन येते. याला सांगायचं, मोठ्ठी पापी देणार. कोण देणार, आई?"

'पापी' ऐकताच गुंड्याने आजीकडे पाहिलं. पापी हे आजीचं खातं होतं. ते आईच्या लक्षात आलं. तिला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही, हेही तिच्या लक्षात आलं.

"आजींनी केलं तरी चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्यांच्याजवळ तो शांत राहतो, त्यांनी करायचं."

सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. "माझ्या राजा, काही नाही होत हं. मुळीच नाही दुखणार. घाबरायचं नाही हं आपण," असं म्हणता म्हणता त्यांचाच आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोपर्यंत घाबरण्यासारखं काही आहे हे गुंड्याला माहीत नव्हतं. त्याने आजीचा चेहरा पाहिला, जिराफ टाकला आणि भोकाड पसरलं. सासूबाईंचं तोंड त्याच्या गालावर, कानावर, कुठेही लागत होतं.

"थांबूया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रडताना आत ओढलं जाईल. मी हॉस्पिटलात फोन करते."

गुंड्या आजीच्या मांडीवरून घसरला. हुंदके देत खोली ओलांडून तो आईच्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला. तिला बिलगला नाही. सकाळी धडा घ्यायला यायचा तसा मान वर करून त्याने नाक पुढे केलं.



"मी करते," ती म्हणाली.

तो पुरता शांत होईपर्यंत ती थांबली. मग फरशीवर बसली आणि त्याला समोर उभं केलं. दुकानात गिऱ्हाइकाला सांगायची त्याच आवाजात तिने सांगितलं, "मी तुझ्या तोंडाला तोंड लावणार. फूं करणार. ते तुझ्या नाकातून येईल. मग झालं."

"फूं," गुंड्या म्हणाला.

"हो. तोंड उघड."

त्याने उघडलं. तिने तोंड लावलं. ते लहान, गरम आणि ओलं होतं. डॉक्टरीणबाईंचं बोट नाकपुडीवर आलं. तिने हवा सोडली. त्याचे गाल फुगले, पण नाकातून काही आलं नाही. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांना इतके जवळ होते की दोन्ही मिळून एकच डोळा दिसत होता. गुंड्या हलत नव्हता. स्वतःचा श्वास घेत नव्हता. ती देईल त्याची वाट पाहत तो तसाच थांबला होता.

आणि ती घाबरली. याचं काही झालं तर. आत गेलं तर. हा आत्ता माझ्या तोंडाशी असताना याचा श्वास थांबला तर. विचार एकामागून एक आले नाहीत, सगळे एकदम आले.

"अजून एकदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता अडेल, मग जोरात."

तिने हळू हवा सोडली. कुठेतरी ती अडली. तिने फुंकर मारली.

गालावर काहीतरी गरम, चिकट येऊन आदळलं. चण्याएवढा पिवळा तुकडा तिच्या हनुवटीवरून खाली पडला आणि खोलीभर घाण वास पसरला. गुंड्याने दोन्ही नाकपुड्यांनी दीर्घ श्वास घेतला, दचकला आणि आपल्या नाकाला हात लावून पाहिला.

"पुन्ना," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी परत बॅटरी लावून नाक मोकळं झाल्याची खात्री केली, थेंब लिहून दिले. तिने गाल पुसायला रुमाल काढला, पण गुंड्याचंच नाक पुसत बसली. शेवटी सासूबाईंनीच तिचा गाल पुसला.

बाहेर बाकावर बसल्यावर सासूबाईंनी घड्याळ पाहिलं.

"मिळेल गं गाडी. निघू का आम्ही?"

गुंड्या दवाखान्याच्या पायरीवर चढत होता, उतरत होता. पायरी बुटकीच होती. तिची नजर तिथून हलत नव्हती.

"आई, त्याचे कपडे काढून द्या."

"म्हणजे?"

"तो नाही येणार."

"अगं, पण तूच म्हणालीस ना, न्या म्हणून."

"म्हणाले होते." गुंड्या पुन्हा वर चढला. "मला भीती वाटते."

"माझ्याकडे राहायची?" सासूबाईंच्या आवाजात दुखावलेपण आलं. "आत्ता मी रडले म्हणून?"

"नाही. तुमच्याकडची नाही. नुसती भीती वाटते. कशाचीही. त्या पायरीचीसुद्धा."

सासूबाईंनी पायरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ती काही जायची नाही," त्या म्हणाल्या. "माझी कुठे गेलीय? आज चाळिशीला आला तो. फोन उचलला नाही, की माझे हातपाय गळतात."

त्यांनी पिशवीची चेन उघडली. एक एक बनियन, चड्डी, मोजे काढून तिच्याकडे देऊ लागल्या. ती ते आपल्या दुकानाच्या पर्समध्ये कोंबत होती, चष्म्याच्या घरांच्या वर, किल्ल्यांच्या खाली. पर्स भरली, तसे बाकीचे तिने मांडीवर घेतले. एवढ्यात गुंड्या पायरीवरून उतरताना घसरला आणि बसकण मारून खाली टेकला. त्याला काही लागलं नव्हतं. सगळे कपडे जमिनीवर टाकून ती त्याच्यापर्यंत पोचलीही होती.