सगळ्यांच्या मागची सायकल

रविवारी सकाळी पावणेसातला कोसमटोल्याच्या गेटातून सात सायकली जंगलात शिरल्या. साडेआठच्या सुमारास सहा परत आल्या. सातवी कुलदीपची होती, आणि ही सायकलवाट कुलदीपनंच आखली होती.

गेटावर गुणवंतराव उभे होते. गावच्या पर्यटन समितीचे ते अध्यक्ष. पुढच्या रविवारी उद्घाटन होतं, आज त्याची रंगीत तालीम. नागपूरहून आलेल्या चार पाहुण्यांपैकी एकाच्या गुडघ्याला पट्टी होती. गुणवंतरावांनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग सायकलींकडे.

"साहेब कुठी आहेत?"

सर्वांत पुढे असणारा अजय घाईघाईनं म्हणाला, "आमच्या संगंच होते ना. बोडीच्या फाट्यापर्यंत होते. तिकडूनच निघाले असन. त्याहीचं काई सांगता येत नाई."

बोडी म्हणजे गावाजवळचा तलाव, गेटापासून हाकेच्या अंतरावर. कुलदीप तिथवर आलाच नव्हता. अजयला ते ठाऊक होतं, आणि तो कुणासाठी खोटं बोलतोय हे रंजीताला ठाऊक होतं. तो तिच्या मावशीचा मुलगा. तिच्याकडे न बघता तो हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिला.

सगळ्यांच्या मागे राहणं हे रंजीताचं काम होतं.

रंजीता उसेंडी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकली. नर्सिंगला नंबर लागला नाही म्हणून घरी आली. मग धानाची रोवणी, मोहफुलं, तेंदूपाला. शाळेत असताना मिळालेली सायकल तेवढी तिनं जपली होती. कुलदीप वाट आखायला नागपूरहून गावात आला आणि त्यानं सायकल येणाऱ्या पोरांना बोलावलं, तेव्हा ती रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. काय येतं, असं त्यानं विचारलं. पंक्चर काढता येतं, असं ती म्हणाली. पोरं हसली. कुलदीप हसला नाही.

त्यानं तिला शेवटची जागा दिली. नियम त्यानंच घालून दिला: पुढे अजय, मागे रंजीता, रंजीताच्या मागे कुणी राहायचं नाही, कुणी थांबला तर रंजीतानं त्याच्याजवळ थांबायचं. मलमपट्टीची पिशवी तिच्याच पाठीवर.

"आमच्या रंजीताले मागं राह्याची नौकरी भेटली," अजय गावभर सांगत फिरला. "आता लग्नात नवरदेव सात फेरे मारून घरी गेला तरी हे मंडपातच राहीन!"

ती चिडायची नाही. आजवर तिला कुणी कसलीच जागा दिली नव्हती. ही दिली होती, आणि ती तिला नीट सांभाळता येत होती.

पावसाळा सरल्यावर वाटेचं काम सुरू झालं. मुळं तासली, दगड वेचले, वळणांना मातीचे उतार दिले. पाला रोज झाडायचा, म्हणजे चाकं घसरणार नाहीत. ऐन आणि सागाच्या झाडांतून ती वाट इतकी स्वच्छ जाऊ लागली की लांबून पाहिलं तर कुणाच्या अंगणातून जाते आहे असं वाटावं. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर वाघाचे पंजे उमटले. वाटेच्या मधोमध, एकसारख्या अंतरावर, कसलीही घाई नसलेले.

"झालं गा उद्घाटन!" अजय म्हणाला. "फीत न कापता झालं."

कुलदीपनं फोटो काढले. रंजीताचा बाप लालसू काठी टेकत तिथवर आला होता. त्यानं पंजे पाहिले आणि म्हणाला, "पाला झाडला तं त्याच्याही पायाले बरं वाटते."

नाल्याच्या बाजूनं जाणाऱ्या मोठ्या वळणाबद्दल लालसूनं कुलदीपला एकदाच सांगितलं होतं. गावातले लोक तिथून गप्प जात नाहीत. बोलत जातात, खाकरत जातात, एकटा असेल तर कुऱ्हाडीचा दांडा झाडावर हाणत जातो. कुणाच्या घरात शिरताना आपण खाकरतो, तसं.

"तुमच्या गाड्या मुकाट जाते, साहेब," लालसू म्हणाला. "चालणाऱ्याचा पाय वाजते. तुमचा काईच वाजत नाई."

"बाबा, लोक त्याच्यासाठीच तर येणार आहेत," कुलदीप म्हणाला. "नागपुरात सगळं आहे, शांतता नाहीये." आणि त्यानं त्या वळणावर पाटी लावली: शांतता राखा.

कुलदीप वाईट माणूस नव्हता. पोरांच्या डब्यातलं खायचा, स्वतः फावडं धरायचा. तो फक्त ऐकून घेतल्यावर हसायचा, आणि हसला की ते बोलणं तिथंच संपायचं.

त्या रविवारी थंडी होती. नाल्यावर धुकं होतं. मोठ्या वळणाच्या अलीकडे रंजीताला पुढून वाघ-बिबट दिसल्यावर वानरं खेकसतात तसं खेकसणं ऐकू आलं. एकदा, दोनदा, मग एकदम बंद. ती वळणावर पोचली तेव्हा कुलदीप सायकलवरून उतरून उभा होता. बाकीचे पुढे निघून गेले होते. त्याच्या हातात फोन होता.

"साहेब, इथी नका थांबू. वानरं बोलली आता."

"तेच तर रेकॉर्ड करतोय." तो कुजबुजत होता. "जाहिरातीला हाच आवाज पाहिजे. तू हो पुढे."

"मी थांबतो ना संगं."

"तुझी चेन वाजते, रंजीता. श्वाससुद्धा वाजतोय. पुढे हो, मी दोन मिनिटांत आलोच."

ती जागची हलली नाही. कुलदीपनं तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला.

ती पुढे गेली. पण लांब गेली नाही. वाट वळून जिथून तो दिसेनासा झाला, तिथं एका धावड्याच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. हाक मारावी असं दोनदा मनात आलं. पण हाक त्याच्या फोनमध्ये गेली असती, सगळं पुन्हा करावं लागलं असतं, आणि साहेबांनी गप्प राहायला सांगितलं होतं. ती गप्प राहिली. जंगलही गप्प होतं. धुक्यातून पानांवर पाणी ठिबकत होतं तेवढंच. मग पुढून अजयची शिटी आली, लांब, तीनदा. म्हणजे कुणीतरी पडलं होतं, आणि पिशवी तिच्या पाठीवर होती.

पाहुण्याचा गुडघा बराच फुटला होता. तिनं तो धुतला, पट्टी बांधली. साहेब रेकॉर्डिंग करताहेत, येतीलच, असं तिनं अजयला सांगितलं. पाहुण्याला चक्कर येत होती. अजय म्हणाला, चला. ते निघाले.

आणि आता गुणवंतराव दोन पोरांना बोडीकडे पाठवत होते. "पाय धरून आणजो रे साहेबाले! चहा थंडा होऊन राह्यला." पोरं हसत निघाली.

"भाऊ," रंजीता म्हणाली. "साहेब बोडीवर नाई."

अजयनं मान वर केली. "रंजीता, तू चूप राह्य."

"साहेब मोठ्या वळणावर आहेत. माह्या मागं. मी त्याहीले सोडून पुढं आली."

गुणवंतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. त्यांनी तिला हाताला धरून गेटाच्या खोलीमागे नेलं.

"पोट्टी, तुले समजते का तू का बोलून राह्यली? गाईड पोट्टी साहेबाले जंगलात टाकून आली, असं झालं तं उद्या ही वाट बंद. वीस घरं याच्यावर आस लावून बसले आहेत. आतापर्यंत अजयनं सांगतलं ते बराबर आहे. साहेब आले तं आले. समजा नाईच आले, तं त्याहीच्या मर्जीनं गेले."

"आणि वळणावर पडले असन तं?"

"अवो, मी म्हणतो..."

"भाऊ, बोडीवर पायत बसू तं इकडं उशीर होईन. मले कामावरून काढा. पण पोरं तिकडं पाठवा."

ती वाट न पाहता सायकलकडे गेली. वळवून गेटातून आत शिरली तेव्हा मागून अजयच्या सायकलचा आवाज आला. त्यानं तिला गाठलं. थोडं अंतर गेल्यावर मोठमोठ्यानं गाणं म्हणू लागला, कुठल्यातरी वरातीतलं, बेसूर. तीही त्यात सामील झाली. वळण येईपर्यंत दोघं ओरडत होती.

सायकल ऐनाच्या झाडाला टेकवून ठेवली होती. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. पाण्याची बाटली जागच्या जागी, अर्धी भरलेली. झाडलेल्या मातीवर चाकांचे माग होते आणि तिच्या स्वतःच्या नि कुलदीपच्या बुटांचे. रक्त नव्हतं. ओढत नेल्याची खूण नव्हती. पंजाही नव्हता. वाट सोडून नाल्याकडे उतरणारा पाला दोन-तीन ठिकाणी दबलेला होता, पण पाल्यावर कुणाचा पाय ओळखू येत नाही.

"साहेब!" अजय ओरडला. "ओ साहेब!"

नाल्यापलीकडून कुणीही उत्तर दिलं नाही. वानरंसुद्धा नाहीत.

"पडलेल्या माणसाची सायकल अशी टेकवलेली राहते का गा?" रंजीतानं विचारलं.

"नाई," अजय म्हणाला. "चाल, परत चाल. माणसं आणू."

दुपारपर्यंत वनखात्याची माणसं आली, मग पोलीस. संध्याकाळी कुत्रा आणला. तो सायकलपासून नाल्यापर्यंत सरळ गेला, वाळूच्या काठावर थांबला आणि खाली बसला. पुढे जाईना. त्याला सांभाळणारा शिपाई म्हणाला, पाण्यात वास तुटतो. नाल्यात तेव्हा घोटाभरही पाणी नव्हतं.

सोमवारी ठाण्यात फौजदारांनी रंजीताला बसवून घेतलं.

"तू मागं राहायचीस, हा नियम तुला माहीत होता?"

"हो."

"मग मोडलास कशाला?"

"साहेबानं सांगतलं म्हून."

"साहेबानं सांगितलं म्हणून नियम मोडायचा?"

"नियम साहेबाचाच होता."

फौजदारांनी कागद उलटला. "अजय आधी बोडीचं बोलला. आता म्हणतो, रंजीता म्हणते तेच बरोबर. दोघांपैकी खरं कोण, ते मला कसं कळायचं? तू पुढे गेलीस याला साक्षी कोण?"

तिला साक्षी नव्हता. गावातही त्या दिवसापासून तिच्याशी कुणी नीट बोलत नव्हतं. विहिरीवर आशाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "एका बोलण्यानं सगळ्याच्या पोटावर पाय देला पोरीनं." उद्घाटन पुढे ढकललं गेलं. गेटाला कुलूप लागलं. कुणी म्हणे वाघानं नेलं, कुणी म्हणे साहेबाचं नागपुरात काहीतरी लफडं असेल, स्वतःच निघून गेला. लालसू एवढंच म्हणाला, "जे पायलं तेच सांग. जे नाई पायलं ते कोणी विचारलं तरी सांगू नको."

मंगळवारी कुलदीपची बायको चंचल आली. रडत नव्हती. तिनं रंजीताला समोर बसवलं आणि वानरं किती वेळ ओरडली, ती गप्प कधी झाली, तो कोणत्या बाजूला तोंड करून उभा होता, सगळं विचारून घेतलं. शेवटी विचारलं, "तुला पुढे पाठवताना तो चिडला होता का?"

"नाई, बाई. हासले."

चंचलनं मान हलवली. ते हसणं तिला माहीत असावं.

नाल्याच्या पलीकडे, वाटेपासून बरंच आत, वाघांच्या मोजणीसाठी झाडाला एक कॅमेरा बांधलेला होता. समोरून काही गेलं की तो आपोआप लागोपाठ तीन फोटो काढतो. बोडीच्या बाजूनं शोध घेतला असता तर त्याची आठवण कुणाला झाली नसती. रंजीतानं वळण सांगितलं होतं, म्हणून बुधवारी तो उघडला. संध्याकाळी फौजदारांनी चंचल, गुणवंतराव आणि रंजीताला बोलावून फोटो दाखवले.

पहिल्या फोटोत कुलदीप आहे. पिवळा टी-शर्ट, डोक्यावर हेल्मेट नाही, हातात फोन नाही. वेळ रविवारची, आठला दहा कमी. म्हणजे रंजीता तेव्हा पाहुण्याचा गुडघा बांधत होती, आणि याला चारही पाहुणे साक्षी होते. तो वाटेकडे नाही, जंगलाच्या आत चालला आहे. पळत नाही. लंगडत नाही. मागे कुणी नाही.

"म्हणजे पोट्टी खरं बोलत होती," गुणवंतराव हळूच म्हणाले. रंजीतानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या फोटोत तो थांबला आहे. उजवा हात पुढे, तळवा उघडा. कुणाला तरी, थांब, घाबरू नको, असं म्हणावं तसा. त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर फोटोची कड येते.

"घाबरलेला नाहीये तो," चंचल म्हणाली. "लहान पोरांशी बोलताना असा हात करतो."

फौजदारांनी रंजीताला विचारलं, "त्या दिवशी गावातलं कोणी तिकडं गेलं होतं? लाकडाला? एखादं पोर?"

"नाई."

"नक्की?"

"सगळ्या घरी विचारलं. सगळे होते."

"मग कोणाला थांबवतोय हा?"

रंजीता पडद्याच्या जवळ गेली. कडेपाशी एक सागाचं पान होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर.

"मले नाई माहीत," ती म्हणाली.

तिसऱ्या फोटोत नुसतं जंगल आहे.

शनिवारी सकाळी ही माहिती लिहीपर्यंत नाल्यापलीकडे शोध सुरू होता. त्या जागेपासून पुढे सगळीकडे पाला आहे. कुलदीपचा फोन बंद येतो.