पूर्ण नावानं

पुष्पाबाईंनी चारुलताच्या हातातून फोन हिसकावूनच घेतला.

"अहो काकू, मी तुमच्यासाठीच बोलत होते ना! कर्ज तुमच्या मुलाचं. तुम्ही जामीन नाही, कुठं सही नाही. संदर्भ म्हणून नुसता नंबर दिलाय त्यानं. अशा माणसाला वसुलीचे फोन करताच येत नाहीत, नियम आहे तसा. एक तक्रार केली की बंद होतील."

"कोनं सांगलं तुले, मले बंद करायचे हायेत म्हनून?"

 पुतणी चारुलता जळगावला पतसंस्थेत नोकरीला, नियम तिला तोंडपाठ. पण काकूचं दुखणं कुठल्या नियमात बसणार? आणि पुष्पाबाईंना तरी ते सांगायची लाजच वाटत होती.

भूपेंद्रनं मोबाइलवरूनच कर्ज काढलं होतं, कॅमेऱ्यासाठी. लग्नांचे फोटो काढणार होता पठ्ठ्या. हप्ते थकले, घरी कळलं, आणि ओट्यावर बापलेकांची अशी जुंपली की गल्ली गोळा झाली. या घरात याचं नाव निघता कामा नये, असं लीलाधरभाऊ बोलून गेले. पोरगा कॅमेरा गळ्यात घालून गेला तो गेलाच, नंबरही बदलला. तेव्हापासून घरात त्याचं नाव नाही. शेजारपाजारही जपून बोलायचा. अख्ख्या सावद्यात त्याचं नाव ऐकू यायचं ते फक्त या फोनमधून, धुळ्याच्या ऑफिसातल्या कुण्या भूमिकाकडून.

"भूपेंद्र लीलाधर फेगडे यांच्या घरून बोलताय का?"

"कोनाच्या?" पुष्पाबाई विचारायच्या. कान चांगले शाबूत होते त्यांचे. पण मुद्दाम स्पीकर लावून त्या बहिऱ्याचं सोंग घ्यायच्या, आणि ती गुणाची पोर न चिडता पुन्हा सगळं नाव म्हणायची. नवऱ्याचं नाव पुष्पाबाईंनी जन्मात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. ती दोन्ही नावं अशी एका दमात, जोडून ऐकली की त्यांना भरून यायचं.

लीलाधरभाऊ तेव्हा ओट्यावर पेपर वाचत असायचे. "बंद कर ती भुणभुण!" असं एकदा ओरडलेही होते. पण फोनच्या वेळेला ओटा सोडून कधी गेले नाहीत.

आज पुष्पाबाईंनी फोन कानाजवळ आणला, तर भूमिका आधीच बोलत होती.

"मावशी, तक्रारीची गरजच नाही. भूपेंद्र लीलाधर फेगडे यांनी सगळी रक्कम भरली. खातं बंद झालं. आता तुम्हाला आमचा फोन येणार नाही."

चुलीवर भरताची वांगी भाजत होती. त्यांचा करपट वास सुटला, पण पुष्पाबाई हलल्या नाहीत.

"त्यानं सोता भरले? तुह्याशी बोलला? कसा हाये वं माय तो? कुठी हाये?"

"ते सांगता येत नाही, मावशी. नियम आहे."  मग ऑफिसातली मराठी बाजूला ठेवून ती हळूच म्हणाली, "बरा शे तो."

पुष्पाबाईंनी पदर तोंडाशी धरला. बरा आहे. कर्ज फेडण्याइतका बरा आहे, आणि तरी आईला एक फोन नाही.

"पोरी," त्या एकदम म्हणाल्या, "मले देसान का कर्ज?"

"तुम्हाला? कशाला, मावशी?"

"कशाले का असेना. संदर्भाले त्याचं नाव टाक, पैसे भरले म्हंजी नवा नंबर तुमच्याजोळ हायेच. मी एकबी हप्ता भरनार नाही. मंग तुम्ही त्याले रोज फोन करसान ना? माझं नाव घेसान ना त्याच्यापुढी?"

चारुलतानं काही सांगायला तोंड उघडलं. संदर्भाच्या माणसाला फोन करता येत नाही, हे तिनंच तर आत्ता सांगितलं होतं. पण तिनं उठून वांगी उतरवली.



दारात सावली पडली. लीलाधरभाऊ उभे होते, हातात पेपर तसाच. पुष्पाबाईंनी घाईघाईनं फोन पदराआड घेतला. लीलाधरभाऊंनी हात पुढे केला, तसा तो त्यांच्या हातात द्यावाच लागला.

"बाई," ते म्हणाले, "संदर्भाचं नाव नीट लिहा. पूर्ण लिहा." ते अडखळले. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाले, "भूपेंद्र. लीलाधर. फेगडे."

पुष्पाबाईंनी डोळे मिटून घेतले.

पलीकडून भूमिकाचा आवाज आला, जरा कापरा.

"ऐकू नाही आलं, काका. पुन्हा सांगता का?"